फोन भिजला आणि आवाज बसला: कुठून सुरुवात करायची

"घागरीत तोंड घालून बोलल्यागत येतंय बघा." जावळीतून आलेल्या एका मामांनी काउंटरवर फोन ठेवत असं सांगितलं, आणि या दुखण्याचं याहून नेमकं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही. भातलावणीत वाकताना वरच्या खिशातून फोन चिखलात पडला, त्यांनी उचलून धोतराला पुसला, फोन चालू राहिला. डिस्प्ले ठीक, रेंज ठीक, चार्जिंग ठीक. फक्त आवाज बसलेला.

साताऱ्यात मोबाइल दुरुस्ती करायची म्हणजे जून ते सप्टेंबर हीच तक्रार. यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलेली पोरं, ठोसेघरचा धबधबा पाठीमागे घेऊन फोटो काढणारे, विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचून आलेले, आणि ज्यांचा फोन फक्त बादलीत पडला असे साधे संसारी लोक. आता मी निम्म्या लोकांना फोन न उघडताच घरी पाठवतो. हे हे करा, उद्या या, म्हणतो. धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणा नाही, पण त्यातले पुष्कळ जण परत येत नाहीत, कारण आवाज आपसूक सुटलेला असतो. जे येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा फोन पाण्यानं बिघडलेला नसतो. मधल्या काळात घातलेल्या टाचणीनं, ड्रायरनं किंवा चार्जरनं बिघडलेला असतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

आवाज नेमका कसा बिघडलाय?

एक शब्द आधी सांगून ठेवतो. फोनच्या खालच्या कडेला जो मोठा स्पीकर असतो, ज्यातून रिंग आणि गाणी वाजतात, त्याला आम्ही दुकानात 'रिंगर' म्हणतो. कानाला लावतो तो वरचा बारीक, तो 'इअर स्पीकर'. गिऱ्हाईक दोन्हीला स्पीकर म्हणतं आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

आवाज येतोय पण दबका, गोधडीखालून आल्यासारखा, आणि कमी-जास्त केला तरी तसाच: ही सगळ्यात बरी अवस्था. जाळीच्या बारीक छिद्रांत पाण्याचा पापुद्रा धरलेला असतो. असा पापुद्रा जाड सूर जाऊ देतो, बारीक सूर अडवतो. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण 'स', 'श', 'च' अडकतात. एखाद्या ओळखीच्या माणसाचा जुना व्हॉइस मेसेज लावून बघा. "सकाळी साताऱ्याला जाऊन ये" हे "हकाळी हाताऱ्याला" असं ऐकू आलं तर दुखणं जाळीत आहे, आत नाही. मेसेज जुनाच हवा. नवा रेकॉर्ड केलात तर माइकच भिजलेला असायचा आणि दोष स्पीकरवर यायचा.

आवाज फाटतोय, खरखरतोय, मोठा केला की जास्तच: पाणी किंवा कचरा जाळीच्या पलीकडे, पडद्यापर्यंत पोचलाय. पडदा म्हणजे आतली ती पातळ फिल्म. तिला खाली तांब्याची बारीक गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती लोहचुंबकाच्या खाचेत वरखाली हलते. ती खाच केसाएवढीच असते. तिथे थेंब किंवा कण अडकला की गुंडाळी घासते.

आवाज अजिबात नाही: याचं कारण फालतू असू शकतं किंवा फार गंभीर. मधलं सहसा नसतं.

येतोय, जातोय, फोन दाबला की येतोय: कुठल्या तरी जोडावर गंज चढू लागलाय. यात वाट बघण्यात अर्थ नाही.

समोरचा म्हणतो "तुझा आवाज येत नाही": हा स्पीकरचा रोगच नाही, माइकचा आहे. स्पीकरची कितीही सेवा केली तरी फरक पडणार नाही.

आणि एक प्रकार फसवा आहे. भिजल्यावर पहिल्या दिवशी आवाज छान, तिसऱ्या दिवशी बसला. स्वच्छ पाण्यानं असं सहसा होत नाही. चिखल, गुलाल, चहा यांच्या पाण्यातला ऐवज जाळीत सुकत जातो तेव्हा असं होतं.

पहिला तास

नुसत्या पावसाच्या शिंतोड्यांचं काम असेल तर फोन पुसा आणि पुढच्या भागावर जा. पण फोन पाण्यात बुडाला असेल तर आधी बंद करा. बंद म्हणजे पूर्ण बंद. स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला असं नाही. आत पाणी आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या रेषा काही तासांत खाल्ल्या जातात. वीज नसेल तर तेच पाणी बरंच निमूट बसून राहतं.

चार्जर लावायचा नाही. यावर मी लोकांशी भांडतो. "बघतो चार्ज होतोय का" ही उत्सुकता फार महागात पडते. सॅमसंगच्या फोनवर चार्जिंगच्या जागी थेंबाचं चिन्ह येतं, नवे आयफोनही ओल असल्याची सूचना देतात. ती सूचना बाजूला सारून चार्ज करायची सोय काही फोनमध्ये असते. ती जीव जाण्याच्या वेळेसाठी आहे, रील बघण्यासाठी नाही.

"माझा वॉटरप्रूफ आहे" म्हणणाऱ्यांसाठी थोडं. खोक्यावर आयपी ६७ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर खोल गोड्या, स्थिर पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्याकोऱ्या फोननं. आयपी ६८ मध्ये खोली त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. आयपी ५४ म्हणजे नुसते शिंतोडे. यातल्या कशातच साबणाचं पाणी, न्हाणीघरातली वाफ किंवा समुद्र धरलेला नाही. शिवाय फोन एकदा पडून कडा दबली, किंवा कुणी उघडून डिस्प्ले बदलला, की आतली गोंदाची पट्टी पहिल्यासारखी राहत नाही. दोन वर्षं वापरलेल्या फोनला मी साधाच फोन समजतो. आणि पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

कव्हर काढा

हसू नका. मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या, तीन दिवस फोन बंद ठेवून, तांदळात पुरून, सगळं करून. मी कव्हर काढलं तर खालच्या ओठात पाण्याची रेघ अजून चमकत होती. सिलिकॉनचं कव्हर फोनला इतकं घट्ट बसतं की कडेचं पाणी वाळतच नाही, जाळीला चिकटून राहतं. शिवाय स्वस्तातल्या कव्हरची छिद्रं जुनी झाली की सरकतात आणि स्पीकर अर्धा झाकतात.

कव्हर काढून फोन सुती फडक्यानं पुसा, जाळीवर फडकं टेकवा, चोळू नका. इअर स्पीकर दबला असेल तर वरच्या स्क्रीनगार्डची कडही बघा. गार्ड आणि काच यांच्या फटीत पाणी धरतं आणि ते थेट इअर स्पीकरच्या चिरेवर बसतं. असं दिसलं तर गार्ड काढून टाका. शंभर-दीडशे रुपयांची वस्तू आहे, जीव लावू नका.

सेटिंग बघा, दोन मिनिटं लागतात

अजिबात आवाज नसणाऱ्यांनी हे आधी बघावं. फोन बुडालेला असेल तर मात्र हे आणि पुढची स्पीकर ओळखायची चाचणी वाळवून चालू केल्यावरच. एकदा एक गृहस्थ अगदी रडकुंडीला आले होते. फोन भिजल्यापासून मुका. मी रिंग दिली, फोन गप्प. बाहेर रस्त्यावर उभ्या त्यांच्याच गाडीतून मात्र रिंगटोन जोरात वाजत होती. ब्लूटूथ गाडीला जोडलेलं, गाडीत मुलगा बसलेला. मी पैसे घेतले नाहीत, पण चहा त्यांनी पाजला.

तेव्हा ब्लूटूथ बंद करा. आवाजाची बटणं रिंगची वेगळी, गाण्याची वेगळी, कॉलची वेगळी पातळी बदलतात, त्या तिन्ही बघा. कॉलचा आवाज फक्त कॉल चालू असतानाच वाढतो. आणि ज्यांच्या फोनला हेडफोनचं गोल भोक आहे त्यांनी वर हेडफोनचं चिन्ह दिसतंय का पाहावं. भोकात पाणी गेलं की आतले संपर्क जुळतात, फोनला वाटतं हेडफोन लावलाय, आणि तो स्पीकर बंद ठेवतो. स्पीकर धडधाकट असतो, फोनची समजूत चुकलेली असते. हेडफोन दोन-तीनदा घालून काढला की बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर भोक वाळेपर्यंत थांबा.

कुठला स्पीकर?

कानाला लावून बोलताना आवाज दबका, पण लाउडस्पीकरवर टाकला की ठणठणीत: इअर स्पीकर. उलट असेल तर रिंगर. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये गाणी लावली की दोन्ही वाजतात, त्यामुळे गाण्यावरून ओळखू नका. गाणं चालू असताना एकदा खालची जाळी बोटानं झाका, एकदा वरची. जी झाकल्यावर काहीच फरक पडत नाही, ती आधीच बंद आहे.

सॅमसंगवर डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबलं की चाचणीचं पान उघडतं, त्यात रिसीव्हर (म्हणजे इअर स्पीकर) आणि स्पीकर (म्हणजे रिंगर) वेगवेगळे वाजवून बघता येतात. सगळ्या मॉडेलवर चालेलच असं नाही, पण चाललं तर अंदाजाचा खेळ संपतो. हे कळून घ्यायचं कारण साधं: पुढचं सगळं ज्या टोकाला करायचं ते टोक आधी नक्की हवं. खालची जाळी घासून घासून गुळगुळीत केलेले आणि दोष वरच्या स्पीकरचा असलेले फोन मी मोजायचे सोडून दिलेत.

वाळवणं, म्हणजे खरं औषध

पाणी जाळीत का अडकतं? थेंबाला स्वतःचा ताण असतो, आणि छिद्र जेवढं बारीक तेवढा थेंब जास्त घट्ट धरतो. चाळणी धुतल्यावर भोकाभोकांत पाणी कसं राहतं, आपटली की कसं पडतं, तेच इथे. म्हणून पहिला उपाय आपटण्याचाच, फक्त चाळणीइतका जोरात नाही.

फोन उभा धरा, दोषी स्पीकर खाली. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलके हलके दहा-बारा टप्पे द्या. तळव्यावर बारीक थेंब दिसतील. पुसा, पुन्हा द्या. झटकायचं मात्र नाही. झटकल्यानं जे पाणी जाळीत होतं ते आत कॅमेऱ्यापर्यंत जाऊ शकतं.

मग फोन तसाच, स्पीकर खाली करून, भिंतीला टेकवून उभा ठेवा. खाली चौपदरी फडकं. समोर टेबलफॅन, गार वारा, हातभर अंतरावरून. बाहेरून पूर्ण पुसल्यावर सिमचा ट्रेही काढून ठेवलात तर हवा खेळते. किती वेळ? शिंतोड्यांना अर्धा-एक तास पुरतो. बुडालेल्याला निदान २४ तास. आणि आपल्याकडच्या पावसात, जिथे दोरीवरचे कपडेच तीन दिवस कुबट राहतात, तिथे मी ४८ सांगतो. हवेतच ओल असेल तर पंखा एकटा काय करणार? बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घरात साठल्या असतील तर हवाबंद डब्यात पाच-सहा पुड्या आणि फोन असं ठेवा.

तांदळाबद्दल मला रोज विचारतात, तर एकदाच लिहून टाकतो. तांदूळ फोनमधलं पाणी ओढून घेत नाही. उघड्या पंख्याखाली जेवढं वाळतं तेवढंही डब्यात कोंडलेल्या तांदळात वाळत नाही. वर त्याचं पीठ आणि कोंडा चार्जिंगच्या फटीत जातो, ओलीला चिकटतो. ॲपलनं आपल्या सूचनांत तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. मी चार्जिंगच्या फटीतून इंद्रायणीचा अख्खा दाणा चिमट्यानं काढलाय. चांगला तांदूळ होता.

हेअर ड्रायर नको. त्याची गरम हवा पाणी बाहेर काढत नाही, आत ढकलते, आणि डिस्प्लेचा गोंद मऊ करते. ऊन नको, बॅटरीला ताप चढतो. एका काकूंनी फोन पेटत्या बंबाच्या कडेला ठेवला होता, "उबेला" म्हणून. आवाज सुटला, हे खरं आहे. पण मागचं पॅनेलही सुटलं. फ्रिजमध्ये तर अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. पंक्चरच्या दुकानातली हवा नको. तोंडानं फुंकणंही नको, फुंकरीत वाफ असते आणि थोडी थुंकीही.

सूर वाजवून पाणी काढणं

वाळवल्यावरही आवाज दबका असेल तर हे. आधी करू नका, फोन निदान बाहेरून कोरडा आणि चालू करण्याजोगा झाल्यावरच.

जाड, खालचा सूर वाजवला की पडदा जास्त अंतर पुढेमागे हलतो आणि समोरची हवा ढकलतो. त्या हवेच्या धक्क्यानं जाळीतलं पाणी बाहेर उडतं. यासाठी १६५ हर्ट्झच्या आसपासचा सूर वापरतात. हे काही जादूटोणा नाही. ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून पोहल्यानंतर पाणी बाहेर टाकायची हीच सोय आहे. रेडमी आणि शाओमीच्या पुष्कळ फोनमध्ये सेटिंगमधल्या 'ॲडिशनल सेटिंग्ज'मध्ये 'क्लिअर स्पीकर' असा पर्याय असतो, तो अर्धा मिनिट असा आवाज काढतो. तुमच्या फोनमध्ये असेल तर तोच वापरा, नसेल तर असा सूर यूट्यूबवरही मिळतो. पण ॲप टाकायला जाल आणि त्यानं कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागितली, तर ते काढून टाका. पाणी काढायला तुमच्या मेहुण्याचा नंबर लागत नाही.

फोन स्पीकर खाली करून धरा, आवाज तीन-चतुर्थांश, अर्धा मिनिट वाजवा, टिपकागदानं जाळी टिपा. तीन-चार वेळा. दर वेळी थोडा फरक पडत असेल तर तासाभरानं पुन्हा. फरक शून्य असेल तर थांबा. रात्रभर फुल आवाजात लावून झोपणारे असतात. ओला, जड झालेला पडदा हलवताना गुंडाळी तापते, आणि तापून तुटली की दबका आवाज जाऊन कायमची शांतता येते. आणि आवाज फाटत असेल, खरखरत असेल, तर हा उपाय करूच नका. घासणाऱ्या गुंडाळीला आणखी घासायला लावण्यासारखं ते आहे.

ब्रश

इथवर येऊनही सुटलं नसेल तर बहुधा पाणी गेलंय आणि त्यातला मळ राहिलाय.

हा भाग आमच्याकडे विशेष. विसर्जनाला गुलाल आणि पाऊस एकत्र येतात. गुलाल कोरडा असताना झटकला की जातो, पण ओला झाला की जाळीच्या छिद्रांत लापशीसारखा बसतो आणि वाळला की लिंपल्यासारखा. पालच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेल्या फोनमध्ये तेच काम भंडारा करतो. मायक्रोस्कोपखाली ती जाळी बघण्यासारखी असते: काळ्या तारांचं विणकाम, आणि प्रत्येक घरात पिवळा ठिपका, जसं कुणी मोजून भरलंय. तो स्पीकर बिघडलेला नसतो. त्याचं तोंड बंद केलेलं असतं.

लहान मुलांचा मऊ, नवा, कोरडा टूथब्रश घ्या. फोन असा धरा की जाळी जमिनीकडे, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल, आत जाणार नाही. एकाच दिशेनं हलके ओढा. मग रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी बोटावर उलटी गुंडाळून जाळीवर टेकवा, उचला, टेकवा, उचला. पट्टीवर रंगीत ठिपके उमटतील. ठिपके यायचे बंद होईपर्यंत चालू द्या. खाली दुसरं काही करायची गरजच पडू नये.

टाचणी, सुई, सिमची पिन: हात जोडून सांगतो, नाही. जाळीच्या मागे पडदा अगदी जवळ असतो आणि पिनेला तो कागदासारखा. शिवाय खालच्या कडेला सिमच्या भोकासारखंच दिसणारं एक बारीक भोक असतं, ते माइकचं. त्यात पिन घालून माइक मारणारे दर आठवड्याला येतात, आणि मग एका दुरुस्तीच्या दोन होतात. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि चिकट द्रव्य असतं. आम्ही वापरतो ते जवळजवळ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही फोन उघडून, बॅटरी सोडवून. वरून जाळीत ओतलं तर ते मळ घेऊन आतच जातं.

एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्यांसाठी एक ओळ. स्पीकरमध्ये चुंबक असतो, तुमच्या हातावरची लोखंडाची बारीक भुकटी तो वर्षभर ओढत असतो. पाण्यानं ती गंजून फुगते. अशा फोनला ब्रश पुरत नाही, स्पीकर बदलावाच लागतो.

इथे थांबा, दुकानात या

खालीलपैकी एकही दिसलं तर घरगुती काही करू नका.

फोन नुसता ठेवलेला असताना गरम होतोय. मागचं पॅनेल किंवा डिस्प्ले उचललाय, म्हणजे बॅटरी फुगतेय. असा फोन दाबू नका, चार्ज करू नका, उशाशी ठेवू नका, लगेच आणा. कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं आहे आणि दोन दिवसांतही जात नाही. स्क्रीनवर डाग पसरतोय. चार्जिंगच्या फटीत हिरवट-पांढरं किंवा काळं दिसतंय. फोन आपोआप बंद-चालू होतोय. आवाज दाबल्यावर येतो-जातो.

आणि पाणी साधं नसेल तर लक्षणांची वाटच बघू नका. गुहागर-गणपतीपुळ्याहून आलेला समुद्राचा फोन मी त्याच दिवशी मागतो. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं आणि वाळल्यावर मीठ मागे ठेवतं. ते मीठ हवेतली ओल पुन्हा ओढतं आणि गंज चालूच राहतो. फोन वाळला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पंधरा दिवसांनी बोर्ड जातो. चहा, उसाचा रस, सरबत यांची साखर पडद्याला चिकटते, ती वाळवून निघत नाही. पुराचं, गटाराचं पाणीही याच रांगेत.

यातलं काही नसेल, फक्त दबका आवाज, आणि ४८ तास, सूर, ब्रश असं सगळं झालं असेल, तरीही या. मग स्पीकर बदलायची वेळ झालेली असते. साध्या अँड्रॉइडमध्ये ही काही शे रुपयांची गोष्ट आहे, घाबरण्यासारखं नाही. महागड्या फोनमध्ये काच उघडण्यातच धोका असतो, तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा भाव आधी विचारून घ्या आणि मग ठरवा.

दुकानदार काय करतो ते माहीत असलं की फसवणूक टळते. तो आधी सिमच्या खाचेत पाण्याची खूण बघेल. बऱ्याच फोनमध्ये तिथे किंवा आत पांढरी टिकली असते, पाणी लागलं की लाल होते. मग फोन उघडून मल्टिमीटर रिंगरच्या दोन टोकांना लावेल. चांगल्या रिंगरला साधारण ६ ते ८ ओहम दाखवतो, इअर स्पीकरला ३२ च्या आसपास. काटा काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली, स्पीकर बदलायचा. आकडा बरोबर येतोय आणि तरी आवाज नाही, तर दोष जोडाचा, खालच्या चार्जिंग बोर्डचा किंवा आवाजाच्या आयसीचा, म्हणजे मुख्य बोर्डवरच्या चिपचा. आयसीचं काम स्पीकरच्या कितीतरी पट खर्चाचं असतं. म्हणून कुणी "आयसी गेलाय" म्हटलं, तर "रिंगरला किती ओहम दाखवतोय, दाखवा ना" असं शांतपणे विचारा. खरं काम करणारा लगेच मीटर लावून दाखवेल.

फोन देण्याआधी फोटो आणि नंबरांची प्रत काढून ठेवा. स्पीकर बदलायला दुकानदाराला तुमचा पासवर्ड लागत नाही. चाचणी तो तुमच्या समोर करू शकतो. सॅमसंगच्या अलीकडच्या फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे, तो लावून दिलात तर तुमचं खासगी काहीच त्याला दिसत नाही.

उघडलेल्या फोनला नवी गोंदपट्टी लावणार का, हेही विचारा. बरेच जण नुसता गम लावून क्लिपा मारतात. तेवढ्यानं फोन बंद होतो, पण पाण्याला पहिल्यासारखा अडवत नाही.

पैसे देण्याआधी दुकानातच तीन गोष्टी करा: एक फोन कानाला लावून, तोच लाउडस्पीकरवर टाकून, आणि शेवटी तोच जुना व्हॉइस मेसेज वाजवून. त्या मामांच्या फोनवर त्यांच्या नातीचा मेसेज होता. जाळी साफ करून लावला तेव्हा ती "आज्या, चष्मा सापडला का?" असं म्हणत होती. मामा म्हणाले, "अगं बाई, चष्मा व्हय! मी चार दिवस म्हशीचं कायतरी म्हणतीय म्हणून गोठ्यात हुडकत होतो."